कळविण्यात येते की…

शाळेत मास्तर कर्मणी प्रयोगाचं उदाहरण द्यायचे: रामाने रावण मारला. रावण मेला हे कळायचं आणि मारला कुणी हेही कळायचं. मग आपण मोठे झालो, घरपट्टी भरू लागलो आणि मास्तरांनी न शिकवलेला एक प्रयोग भेटला. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की…’ यात रावण रोज मरतो, राम मात्र कुठंच दिसत नाही. पाणीपुरवठा बंद ‘ठेवण्यात येईल’. रस्ता ‘खोदण्यात येत आहे’. कारवाई ‘करण्यात येईल’. आणि सगळ्यात शेवटी, होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी ‘व्यक्त करण्यात येते’. म्हणजे दिलगिरीसुद्धा कुणा एकाची नाही. ती आपली आपण व्यक्त होते, पाचगणीत जुलैचं धुकं उतरतं तशी. कुठून आलं कळत नाही, आणि पुढचं काही दिसत नाही.

पाचगणीपासून जवळच भिलार आहे. २०१७च्या मे महिन्यात सरकारने त्याचं पुस्तकांचं गाव केलं. कुणाच्याही ओसरीवर बसा, कपाट उघडा, वाचा. असल्या शेजारात राहून नोटीस लिहिणाऱ्याला मात्र ‘सबब उपरोक्त विषयान्वये’ याच्या पलीकडे जाववत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो राज्यकारभारातली फारसी हटवायला. साडेतीनशे वर्षं होत आली, ‘सबब’ अजून खुर्चीवर आहे. २०२४च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली तेव्हा पहिला पेढा ‘सबब’नेच खाल्ला असेल.

परवा एका कचेरीच्या व्हरांड्यात उभा होतो. कुठल्या, ते विचारू नका. उगाच माझ्याच दारावर कागद चिकटायचा. भिंतीवर सरकत्या काचांचा सूचना फलक. त्याला सुटकेसला असतं तेवढं कुलूप. आत सात-आठ नोटिसा एकीवर एक टाचलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. सगळ्यात वरची पूर्ण वाचता येते, तिच्याखालच्या तिघींची नुसती शेपटं. एका शेपटावर लिहिलं होतं, ‘…दि.   /   / पर्यंत लेखी सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.’ तारखेची जागा पेनाने भरायची राहून गेली होती. मुदत कोणती ते माहीत नाही, पण ती संपल्यावर विचार होणार नाही हे नक्की. काचेच्या आत ओल शिरलेली, त्यामुळे शिक्क्याची जांभळी शाई फुटून तिचा ढग झालेला. आणि खाली, सही करायच्या जागी टाइप केलेलं: ‘सही/-’. हा एक अद्भुत सरकारी आविष्कार आहे. सही नाही हे सांगण्यासाठी ‘सही’ असं लिहितात.

मी शिपायाला म्हटलं, वरचा कागद जरा बाजूला करता का, खालचा वाचायचाय. तो म्हणाला, किल्ली साहेबांकडे. साहेब? मीटिंगला. मीटिंग कशाची? त्याने काचेकडे बोट दाखवलं. “त्यात लिहिलंय की.”

दवंडीच्या काळी असं नव्हतं. घाटाखाली वाईकडच्या आमच्या गावात हलगीवाला यायचा. चौकात थांबून दोन ठेके वाजवायचा, ‘ऐका हो ऐका’ करायचा आणि सांगायचा की उद्या अमुक आहे. महत्त्वाचं पुढं असायचं. आमची आजी उंबऱ्यातून त्याला थांबवायची, “आरं, पन कुनी सांगितलंय ह्ये?” तो नाव घेऊन सांगायचा. “आन मागल्या बारीला बी असंच म्हनलाता, त्याचं काय झालं?” तो हसायचा, कधी थाप मारायचा, कधी खालच्या आवाजात खरं काय ते सांगून टाकायचा. हलगीवाला हा सरकारचा शेवटचा माणूस होता ज्याला उलट प्रश्न विचारता यायचा. तेही चहा पाजून.

नंतर घंटागाडी आली. तिच्यावर भोंगा आहे. सकाळी आधी गाणं, मग सूचना, मग पुन्हा गाणं. सूचनेचं पहिलं अर्धं वाक्य वरच्या गल्लीत ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं खालच्या. दोन्ही गल्ल्यांनी दुपारी भेटून वाक्य जुळवायचं. तरी बरं, गाडीमागे धावणारा कर्मचारी ओळखीचा असतो. त्याला विचारलं तर जमेल ते सांगतो. शहरात कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, हे त्याला कचऱ्यावरून कळतं. अख्ख्या यंत्रणेत नागरिकांची खरी माहिती त्याच्या एकट्याकडे आहे आणि कुठल्याच समितीवर तो नाही.

आता दवंडी फोनवर येते. माझ्या फोनवर ‘अधिकृत माहिती’ देणारे असे दोन ग्रुप आहेत. कुणाचे, ते सांगत नाही. तुमच्या फोनवरही असतील. नोटीस येते. आपण वाचतो. खाली दोन शब्द लिहावेत म्हणून बोट नेतो तर तिथं लिहायला जागाच नसते. तिथं एक ओळ असते: फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात. नागरिकाला करता येतं ते एवढंच, नोटिशीवर बोट दाबून धरायचं आणि अंगठा उठवायचा. पूर्वी निरक्षर लोक सरकारी कागदावर अंगठा उठवायचे. साक्षरता मोहिमेनंतर आता सगळेच उठवतो.

अ‍ॅडमिनला शुद्ध मराठीत प्रशासक म्हणतात. आणि पाचगणी चार वर्षं नेमकी हीच सेटिंग लावून बसली होती.

हिशेब सोपा आहे. २०१६च्या नोव्हेंबरात नगरपरिषदेची निवडणूक झाली, २०२१च्या अखेरीस मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यघटना म्हणते, पाच वर्षं संपायच्या आत पुढची निवडणूक घ्या. पण त्याच वर्षी ४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाचा इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरचा निकाल आला. मग आयोग, मग अहवाल, मग प्रभागरचना, मग सरकार बदललं म्हणून पुन्हा प्रभागरचना, मग तारीख, पुढची तारीख. शेवटी ६ मे २०२५ला न्यायालयाने बजावलं की चार महिन्यांत उरका. आपल्याकडे ‘चार महिने’ म्हणजे काय ते न्यायालयालाही लवकरच कळलं, आणि मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत लांबली. हे एकट्या पाचगणीचं नाही, राज्यभरातल्या नगरपालिकांचं तेच. पण पाचगणीसारख्या गावात ते जास्त टोचतं. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती पंधरा हजारांच्या घरातली. एवढ्या गावात नगरसेवक बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, एसटी स्टँडवर भेटतो. त्याला कोपऱ्यात गाठून झापता येतं. प्रशासकाला झापता येत नाही. त्याला निवेदन द्यावं लागतं, आणि निवेदन देतानाचा फोटो काढावा लागतो.

बहुतेक ठिकाणी प्रशासक म्हणजे मुख्याधिकारीच होते. आता सभेचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. मुख्याधिकारी विषय मांडणार प्रशासकापुढे आणि प्रशासक कोण, तर मुख्याधिकारी. सूचक तेच, अनुमोदक तेच. टेबलाच्या या बाजूने टिपणी लिहायची, खुर्ची गर्रकन फिरवायची आणि त्या बाजूने मंजुरी द्यायची. विरोध करायला समोर कुणी नाही, तेव्हा ठराव सर्वानुमते. यात अधिकाऱ्याचा दोष नाही. त्याला दोन टोप्या दिल्या, त्याने घातल्या. पण इतक्या एकमताने चालणारं घर तुम्ही कुठं पाहिलंय? तिथंही निदान बायको असते.

आता यातली अडचण. १ ऑक्टोबर २०२२ला दिल्लीत स्वच्छ सर्वेक्षणाचे निकाल लागले आणि एक लाखाच्या आतल्या शहरांत पाचगणी देशात पहिली आली. तिसरं कऱ्हाड. सातारा जिल्ह्याने पहिला आणि तिसरा पाट पटकावला. म्हणजे नगरसेवक शून्य आणि नंबर एक. त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर एक सिद्धांत फिरतो आहे, की मग हवेतच कशाला ते नगरसेवक? खाणार कमी झाले, काम जास्त झालं.

सिद्धांत चविष्ट आहे. पण त्याच टपरीवाल्याला विचारा, कचऱ्याचा डेपो होता तिथं ‘स्वच्छ भारत पॉइंट’ झाला तो कधी? लोकनियुक्त मंडळ असतानाच. २०१८ सालीही लहान शहरांत पश्चिम विभागात पाचगणीच सर्वांत स्वच्छ ठरली होती. आणि ओला-सुका वेगळा केला तो काय फलकावरच्या कागदाने? तो केला पहाटेच्या थंडीत हातमोजे घालून उतरणाऱ्या बायाबापड्यांनी, आणि दोन डबे ठेवायची सवय लावून घेतलेल्या घरांनी. गावाने अंगावर घेतलेलं काम एकदा मार्गी लागलं की प्रशासक येवो, नगराध्यक्ष येवो, गाडा चालतो. झाडू कुणाच्याही राज्यात मारता येतो. उद्या नकाशावर कुठली हिरवी जागा पिवळी होणार, हे ठरवायला मात्र कुणीतरी उभं राहून ‘हरकत आहे’ म्हणावं लागतं.

त्या ‘हरकती व सूचना’ या जोडशब्दाबद्दल एकदा बोललंच पाहिजे. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की हरकतींसाठी कायद्याने तीस दिवस मिळतात. नोटीस राजपत्रात येते आणि वर्तमानपत्रात. वर्तमानपत्रात कुठं? दहाव्याच्या निमंत्रणाशेजारी, मुंगीच्या अक्षरात. ‘नकाशा कार्यालयीन वेळेत पाहावयास उपलब्ध आहे.’ कार्यालयीन वेळ म्हणजे ज्या वेळेत तुम्ही-आम्ही पोटापाण्याच्या मागे असतो ती. स्ट्रॉबेरी तोडणारी बाई, टॅक्सीवाला, घोडेवाला, शाळेच्या मेसमधला आचारी, यातला कोण दुपारी दोन वाजता रजा टाकून नकाशातला सर्व्हे नंबर शोधायला जाणार? ज्याला जायचं असतं तो बरोबर जातो. त्याच्याकडे नकाशा मसुद्याच्या आधीच असतो.

इथं तर दुहेरी मौज. १७ जानेवारी २००१ला केंद्राने महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. डोंगरउतारावरचं बांधकाम, झाडतोड, भूजलाचा उपसा, सगळ्यावर बंधनं आली. चांगलंच झालं, नाहीतर आज टेबललँडवर मजले चढले असते आणि ‘आशियातलं दुसरं पठार’ असं सांगायला पठारच उरलं नसतं. (पहिलं तिबेटचं, हे घोडेवाल्यापासून गाइडपर्यंत सगळे एका सुरात सांगतात. फीत घेऊन मोजायला कोण गेलं होतं, ते कुणी सांगत नाही.) पण बंधनाची खरी झळ कुणाला? पावसाळ्याआधी घराला प्लास्टिकचा झाप बांधणाऱ्याला ‘विनापरवाना’ हा शब्द तोंडपाठ असतो. रातोरात उगवणारा मजला मात्र संवेदनशील टापूतला असल्यामुळे त्याला हात लावताना सगळेच संवेदनशील होतात.

पाचगणी हे नाव म्हणे पाच गावांवरून पडलं: दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, ताईघाट. चेसन नावाच्या साहेबाने १८६०च्या दशकात या पाचांच्या मधोमध गाव वसवलं, कारण महाबळेश्वरच्या पावसात गोऱ्यांना राहवेना आणि इथं पाऊस त्याच्या निम्म्याहून कमी. त्याने सिल्व्हर ओक लावले, बंगले बांधवले आणि इथल्याच मातीत तो पुरला गेला. पुढे शाळा आल्या, आरोग्यधामं आली. आज नगरपरिषदेच्या नावातच ‘गिरिस्थान’ आहे. पण गंमत अशी की ज्यांच्या जिवावर ‘पाचगणी’ हे नाव उभं आहे, त्या गावांच्या हातात एक हत्यार आहे जे गिरिस्थानाच्या रहिवाशाकडे नाही. त्याचं नाव ग्रामसभा.

ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. खिंगरचा किंवा गोडवलीचा म्हातारा तिथं उठून उभा राहतो, टोपी सारखी करतो आणि सरपंचाला विचारतो, गेल्या साली दिव्यांचं बिल इतकं कसं? ग्रामसेवक कागद चाळायला लागतो. मी ग्रामसभेची आरती ओवाळत नाही. निम्म्या सभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात, उरलेल्यांत भावकीची भांडणं निघतात, आणि इतिवृत्तात जे लिहिलं जातं ते सभेला हजर असलेल्यांनाही नवीन असतं. पण म्हाताऱ्याला उभं राहता येतं. वेशीच्या या बाजूला आलं, घरपट्टीची पावती नगरपरिषदेची झाली, की तोच म्हातारा ‘नागरिक’ होतो आणि त्याला खाली बसवून कळविण्यात येतं की.

पाण्याचं बघा. पाचगणीचं पाणी येतं महाबळेश्वरच्या वेण्णा तलावातून. सातारच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली तो बांधवला. म्हणजे संस्थानी राजाने नोटीस न काढता तलाव दिला आणि लोकशाहीने तलाव न काढता नोटिसा दिल्या. दर पावसाळ्यात एक ठरलेली बातमी छापून येते: वेण्णा भरून वाहू लागला, महाबळेश्वर-पाचगणीकरांची चिंता मिटली. आणि उन्हाळ्यात चार पाहुणे वाढले की ठरलेला मेसेज येतो: पाणी ‘कमी दाबाने’ येईल. ‘तांत्रिक कारणास्तव.’ हे तांत्रिक कारण म्हणजे काय, हे मला एकदा मरायच्या आत बघायचं आहे. ते गोल असतं का लांबट? त्याला वीज लागते का? ते शनिवार-रविवारीच का बिघडतं?

नळाची तक्रार कुठं करायची हा इथला खास सामान्य ज्ञानाचा पेपर. योजना जीवन प्राधिकरणाची. मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकामचा. गल्ली नगरपरिषदेची. पाइप फुटला की पाणी प्राधिकरणाच्या पाइपातून निघून बांधकामच्या रस्त्यावरून नगरपरिषदेच्या गटारात जातं. तिघांनाही एकाच वेळी भेटून आलेलं असं ते एकटं पाणीच.

आणि तुम्ही बादली घेऊन सिडने पॉइंटवर जाऊन उभे राहा. समोर खाली कृष्णेचं खोरं, त्यात धोमच्या धरणाचं पाणी उन्हात आरशासारखं पसरलेलं. पर्यटक म्हणतात, वॉव. पाचगणीकर म्हणतो, दिसतंय खरं. समुद्रसपाटीपासून चार हजार दोनशे फुटांवरून जगात सगळीकडे पाणी दिसतं, नळ सोडून.

पर्यटक म्हटलं की पाट्या आठवतात. पाहुण्यांसाठीची पाटी ‘कृपया’ने सुरू होते. रहिवाशांसाठीची नोटीस ‘अन्यथा’ने संपते. एकाच कचेरीचे हे दोन चेहरे. पाहुण्यांना मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत विनंती, आम्हांला एकाच भाषेत सक्त ताकीद. दांडेघरच्या नाक्यावर पाहुणा पैसे भरून पावती घेतो, म्हणून त्याचं स्वागत असतं. आम्हीही पैसे भरतो, वर्षाला भरतो, पण आमचं स्वागत कुणी केल्याचं आठवत नाही. बरं, पाहुण्यांना तरी नीट माहिती मिळते का, तर गावाचं नावच एका पाटीवर पाचगणी, दुसरीवर पांचगणी, तिसरीवर पंचगणी. तिन्ही गावं फिरून झाली असं समजून लोक आनंदाने घाट उतरतात.

गायक फ्रेडी मर्क्युरी इथल्या कुठल्या शाळेत शिकला, हे सांगणारे इथं दहा जण भेटतील. जन्माचा दाखला कुठल्या टेबलावर मिळतो, हे सांगणारा एक भेटला तर त्याचा पत्ता मला द्या.

घरपट्टीचं थोडक्यात उरकतो, कारण विषय निघाला की माझा रक्तदाब वाढतो. नगरपरिषदेची थकबाकी राहिली तर महिन्याला दोन टक्के शास्ती. वर्षाचे चोवीस. सावकारीच्या कायद्यात हे बसलं नसतं, कराच्या कायद्यात बसतं. आपल्याकडून उशीर झाला तर हे. त्यांच्याकडून झाला तर? त्यालाही कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कुठला दाखला किती दिवसांत, देणारा अधिकारी कोण, त्याने दिला नाही तर पहिलं अपील कुणाकडे, दुसरं कुणाकडे, तिसरं आयोगाकडे. चुकारपणा करणाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. आणि ही सगळी यादी कचेरीत ठळकपणे लावायची, असं कायद्यातच आहे. रहिवाशाच्या बाजूने बोलणारी तेवढी एक नोटीस.

मी मघा सांगितलेल्या त्या बेनामी कचेरीत ती यादी शोधली. होती. चांगला चार फुटी फ्लेक्स. त्याच्यापुढे कपाट. कपाटावर गठ्ठे. गठ्ठ्यांच्या वरून यादीची पहिली ओळ दिसत होती, ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’, आणि कपाटाच्या कडेने एका रकान्याचा शेवटचा शब्द, ‘दिवस’. किती दिवस, ते कपाटामागे. वजनदार सरकारी कपाट होतं, गोदरेजच्या काळातलं. ते हलवायचं तर निविदा काढावी लागेल.

तर २०२५च्या डिसेंबरात शेवटी निवडणूक झाली. ४ नोव्हेंबरला घोषणा, २ डिसेंबरला मतदान, काही ठिकाणी २० तारखेला. मतमोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची ती न्यायालयाने २१ डिसेंबरवर नेली. उमेदवार तीन आठवडे ना हसू शकत होते ना रडू. राज्यातल्या २८८ नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या दारात पुन्हा माणसं आली. नगरपरिषदेच्या मतदाराने एकदम तीन-तीन बटणं दाबली: एक थेट नगराध्यक्षाचं, बाकी प्रभागातल्या सदस्यांची. चार वर्षं अंगठाच उठवायची सवय झालेल्या लोकांना बोट वापरताना जरा चुकल्यासारखं वाटलं असेल.

आता हार-तुरे झाले, फ्लेक्स लागले, त्यातले काही (चला, खरं बोलू) विनापरवाना लागले. गुलाल धुतला गेला. नव्या मंडळींकडे मी गार्डन मागत नाही, कारंजं मागत नाही, ‘आय लव्ह’ लिहिलेला सेल्फी पॉइंट तर अजिबात मागत नाही. ते सगळं आपोआप होतं. त्याला ठेकेदार उत्सुक असतात.

मला हवं ते बिनखर्ची आहे. नोटीस काढाल तेव्हा तिच्यात पाणी कधी जाणार याच्या आधी कधी येणार ते लिहा. घरात बादल्या भरणारी बाई नोटीस खालून वर वाचते. खाली ‘सही/-’ नको, माणसाचं नाव आणि तो उचलतो तो फोन नंबर टाका. तारखेची जागा भरा. महिन्यातून एका रविवारी, म्हणजे खरोखरच्या बिगरकार्यालयीन वेळेत, एकेका प्रभागात सतरंजी टाकून बसा. खिंगरच्या म्हाताऱ्याला पाहुणा म्हणून बोलवा, उभं कसं राहायचं ते तो शिकवील.

आणि त्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये जा. मेसेज कोण पाठवू शकतं, अशी एक ओळ आहे. अ‍ॅडमिनसाहेब, तिथलं बटण तेवढं सरकवा. पहिल्या दिवशी गुड मॉर्निंगचे गुलाब येतील. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बाबाचं प्रवचन टाकील, कुणी काढ्याची कृती. घाबरून बंद करू नका. तिसऱ्या दिवशी वरच्या गल्लीतून कुणीतरी विचारील, पाणी कधी सोडताय? त्याला उत्तर द्या. कर्तरी प्रयोगात.